शुद्ध मॉड्यूल, दहा ओळींत

विषय : प्राध्यापक गोपाळकृष्ण चिंचाळकर यांना गणितावरील लेख विलायतेतल्या नियतकालिकाकडे पाठवण्याची परवानगी मिळणेबाबत. संदर्भ : त्यांचा अर्ज, दिनांक सतरा सप्टेंबर एकोणीसशे छप्पन्न. आता तुम्हीच सांगा, गणिताला परवानगी कसली? पण सरकारी नोकराने देशाबाहेर कागद पाठवायचा तर मंजुरी हवी, मंजुरीला फाइल हवी, आणि फाइल वर चढायला साहेबाला कळेल असा दहा ओळींचा सारांश हवा, तो कोणी लिहायचा? कारकुनाने! म्हणजे मी! लेखाचं नाव 'क्रमनिरपेक्ष रिंगांवरील मॉड्यूलांची शुद्धता आणि सापेक्ष होमॉलॉजी'... तुम्हाला सांगतो, नावातच माझ्या तीन ओळी गेल्या.

गेलो ग्वाल्हेरातल्या दौलतगंजात, चिंचाळकरांच्या घरी.

"दिनकरराव, अगदी सोपं आहे!" सगळे प्रोफेसर असंच म्हणतात. "मोठ्या समूहात एक धाकटा समूह बसलाय. धाकट्यातल्या संख्या घेऊन समीकरणं मांडा. ती मोठ्यात सुटत असतील, तर धाकट्यातही सुटलीच पाहिजेत. तसं असेल तर धाकटा शुद्ध, त्याची मोठ्याशी जोडणीही शुद्ध!"

"आणि नसेल तर?"

"सम संख्या घ्या. दोन गुणिले क्ष बरोबर दोन. क्ष किती?"

"एक."

"एक सम आहे?"

"नाही बुवा."

"झालं! प्रश्न सम संख्यांचा, उत्तर आणायला बाहेर जावं लागलं. अशुद्ध! आता फक्त शुद्ध जोडण्या धरून सगळी होमॉलॉजी पुन्हा उभी करायची, ती मी केलीय. पण लवकर हं, दिनकरराव. असल्या गोष्टी एकाच वेळी चार डोक्यांत येतात. दुसऱ्या कुणी आधी छापलं, की माझी नऊ वर्षं रद्दीत!"

नऊ वर्षं! म्हटलं, साहेबाला पटकन उमजेल असं उदाहरण द्यावं. तेव्हा मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होत होता, ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला जाणार म्हणून इथे महाराज बाड्याच्या चौकात आरडाओरडा चाललेला, तेच डोक्यात... आणि मी लिहिलं, झोकात लिहिलं, 'उदाहरणार्थ, ग्वाल्हेरचा प्रश्न भोपाळला सुटत असेल तर तो ग्वाल्हेरलाही सुटला पाहिजे. अन्यथा जोडणी अशुद्ध समजावी.'

नोव्हेंबरात दफ्तरं भोपाळला गेली, त्यांत ही फाइल. चौकशी केली की एकच उत्तर : अर्ज विचाराधीन आहे. शेवटी स्वतः गेलो. फाइल ज्यांच्या टेबलावर होती त्या सक्सेनासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाबूजी, ये जोडणी अशुद्ध है, ऐसा किसने लिखा?"

"हुजूर, ये तो गणित है."

"गणित में ग्वालियर कहाँ से आया?"

फाइलवर 'गोपनीय' पडलं, माझा खुलासा मागवला, आणि चिंचाळकर... नई सडकेवर भाजीवालीने दम दिला तर सडकी वांगी मुकाट घेणारा माणूस, तो म्हणे राजधानीच्या आंदोलनाचा सूत्रधार! अकरा पानी खुलासा दिला. भोपाळने लिहिलं, बाब स्थानिक, ग्वाल्हेरने ठरवावं. ग्वाल्हेरने लिहिलं, अधिकार आता भोपाळला. ग्वाल्हेर-भोपाळ, भोपाळ-ग्वाल्हेर... प्रोफेसर म्हणाले, "दिनकरराव, क्रम उलटला तरी उत्तर तेच. क्रमनिरपेक्ष म्हणतात ते हेच." उत्तर काय? अर्ज विचाराधीन आहे!

घरी अनसूया म्हणाली, "अहो, ते सम-विषमचं चांगलं होतं की! तेच लिहायला काय झालं होतं?" तुम्हाला सांगतो, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

साठ साली चिंचाळकर आपण होऊन ऑफिसात आले. हातात विलायती अंक. माझ्या टेबलावर उघडून ठेवला, चार पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "बरोबर आहे हो. एक पायरी तर माझ्यापेक्षा सरस केलीय. फक्त नाव दुसऱ्याचं आहे."

कसाबसा म्हणालो, "मग... अर्ज मागे घ्यायचा?"

"घ्या. येईल घेता?"

नियम पाहिला. गोपनीय फाइलमधला अर्ज मागे घ्यायला परवानगी लागते, परवानगीला अर्ज, आणि अर्जाला दहा ओळींचा सारांश. लिहिला. उदाहरण दिलं नाही.

ते निवृत्त झाले, मीही झालो. दोन्ही अर्ज विचाराधीन आहेत.