समोरच्या गाळ्यातलं लाल कार्ड

—नाही, नाही, खोक्यावर काय छापलंय ते नको वाचूस, खोक्यावर सगळेच शूर असतात. कार्ड हातात घे, वजन बघ. गेमसाठी ह्याच्याइतकं चांगलं ग्राफिक्स कार्ड अख्ख्या बिश्केकमध्ये नाही. हे हिरवं—हिरव्या कंपनीचं म्हणतोय गं, रंग काळाच आहे. ह्या बाजारात पोरं असंच विचारतात, तू हिरवा का लाल? कंपनीचं नाव कुणी घेत नाही, सुना जशा सासऱ्याचं घेत नाहीत. भावासाठी नेतेयस ना? तुझ्यासाठीच? बरं बरं, चुकलो, डोळे नको वटारूस. चहा घे, गरम आहे. वास घे—चहाचा नाही, कार्डाचा. नवं आहे. दिवसरात्र राबवून करपलेली कार्डं धुऊनपुसून पुन्हा खोक्यात घालतात लोक, तसलं माझ्याकडे मिळणार नाही. समोरच्या मेदेरकडेही मिळणार नाही, तेवढं म्हणायलाच हवं—असो.

तर हिरवं. गेममध्ये तळं असतं ना, त्यात डोंगराची सावली हलते, ती हिरव्यात अगदी खरी वाटते. लालमध्ये? दिसते, दिसते, पण—कसं सांगू—जरा दमून आल्यासारखी. आणि लाल तापतं. आमच्या ओळीत म्हणच आहे, घरात लाल असेल तर हिवाळ्यात शेगडी नको. म्हण मीच काढलेली आहे, पण म्हणतात सगळे. तू सारखी समोर काय बघतेस? तो मेदेर. लालवाला. हो, नाक सारखंच आहे, भाऊच आहे माझा, धाकटा. एके काळी ह्याच टेबलामागे दोघं बसायचो, तुझं दप्तर ठेवलंयस ना, तिथे तो. मग एकदा माझं गिऱ्हाईक हिरवं हातात धरून उभं, पाकीट बाहेर काढलेलं, आणि हा त्या गिऱ्हाइकाला म्हणतो—दादा, ह्या किमतीत लाल घ्या, मेमरी जास्त मिळेल. सगळ्या ओळीसमोर! खोटं होतं का? खोटं नव्हतं, मी कुठे म्हणतो खोटं होतं—पण भावाच्या हातातलं गिऱ्हाईक? तेव्हापासून बोलणं बंद. त्याने समोर गाळा घेतला. चहावाली दोघांना एकाच किटलीतून ओतते, तेवढंच काय ते नातं.

काय म्हणालीस? मी घरी काय वापरतो? हिरवंच, दुसरं काय वापरणार—मी—हे बघ, तू अनोळखी आहेस म्हणून सांगतो. लाल आहे घरी. हसू नकोस. मेहुण्याला पाठवून आणवलं, ह्याच्याच गाळ्यातून. स्वस्त पडलं म्हणून. तेवढ्याचसाठी. तापतं का? नाही तापत. पंख्याचा आवाज? तू आत्ता जेवढा आवाज करतेयस तेवढा. आणि सावल्या—सावल्या बघायला वेळ कुणाला आहे, समोरून गोळ्या येत असतात! मेदेर ओरडत असतो—म्हणजे ‘शहाणी मेंढी’. गेममधलं नाव त्याचं. एकाच तुकडीत असतो आम्ही. त्याला ठाऊक नाही मी कोण ते. माझा माइक बिघडलाय असं सांगून ठेवलंय मी, आवाज ओळखेल ना. मला म्हणतो, ‘म्हातारबा, माझ्या मागे राहा.’ आणि मी राहतो. थोरला भाऊ मी, आणि धाकट्याच्या पाठीआड लपून—पण बरं चाललं होतं गं. ह्या आठवड्यात मेंढी आलीच नाही.

सरळ बघू नकोस तिकडे! चहा पितापिता बघ. फळ्या अर्ध्या रिकाम्या दिसतात? खोकी दोरीने बांधलीत, दिसली? सकाळी सामसेवालीला म्हणाला, आजही भवानी झाली नाही तर शटर ओढतो आणि जातो कोरियाला, तिथल्या कारखान्यात कुणी ओळखीचा आहे म्हणे. मला नाही म्हणाला, सामसेवालीला म्हणाला! तीही अशी, भट्टीतले गरम सामसे विकायचे सोडून माझ्यापुढे येऊन मोठ्याने सांगून गेली. जाऊ दे की. जातो तर जाऊ दे. मी काय त्याचे पाय धरू? सकाळपासून त्याच्याकडे कुणी थांबलेलं नाही, जो तो लाल खोकी बघतो, दोरी बघतो आणि पुढे जातो. बाजाराची एक रीत आहे, आमचे वडील पाळायचे—आपली भवानी झाली आणि शेजाऱ्याची नाही, तर पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचं. माझी झाली सकाळीच, एक केबल गेली. पण ती रीत शेजाऱ्यासाठी. समोरच्यासाठी आहे, असं वडील कधी म्हणाले नाहीत. समोरचा म्हणजे शेजारीच का गं? शाळेत जातेस ना, सांग. मधे एवढीशी तर वाट आहे.

दे ते इकडे. सोड, सोड. हे विकायचं नाही. विकलं गेलंय, आत्ता आठवलं मला. दुसरं? दुसरंही नाही. तुझ्या कॉम्प्युटरचा डबा छोटा आहे म्हणालीस ना मघाशी, त्यात हे मावायचंच नाही, मी आपला उगीच दाखवत बसलो. त्याच्याकडे आखूड आहे एक, दोन पंख्यांचं, वरून दुसऱ्या फळीवर डाव्या हाताला, तुला हवं तसंच. मला कसं ठाऊक? इथून दिसतं. दुसरं काय बघत असतो मी दिवसभर! मी पाठवलं असं सांगू नकोस. विचारलंच तर म्हण, तो समोरचा सिर्गाक नुसती बडबड करतो, त्याला कशातलं काही कळत नाही—लगेच पटेल त्याला. आणि घासाघीस करू नकोस, भवानीला घासाघीस करत नाहीत. चहा राहू दे, तो पाजेल, किटली एकच आहे. दप्तर घे. अगं, उभी काय राहिलीस—त्याने शटरला हात घातला! जा ना!