मधली जागा

(स्वयंपाकघर, संध्याकाळ. उद्याच्या युक्तिवादाची तालीम.)

लेक : ...म्हणून न्यायमूर्ती महाराज, आमच्या संस्थेचं म्हणणं एवढंच, की नवरा-बायकोमधली ही गोष्ट कायद्याने गुन्हा ठरवू नये.

आई : कुठली गोष्ट?

लेक : आई, विषय माहीत आहे तुला.

आई : आई इथे नाही. चष्मा लावून न्यायमूर्ती बसलेत. पहिल्या खटल्यापासून माझ्यापुढे तालीम करतेस, कधी अडखळली नाहीस. कुठली गोष्ट?

लेक : नवऱ्याने बायकोवर केलेला... बलात्कार.

आई : हं. या घरात हा शब्द पहिल्यांदाच आला. पुढे.

लेक : उद्या रागाच्या भरात कोणीही उठून तक्रार करेल. संसार मोडतील.

आई : आणि आत्ता ते कशावर उभे आहेत?

लेक : असलं न्यायमूर्ती विचारत नाहीत गं. आता माझा हुकमी मुद्दा ऐक. बंद खोली, दोनच माणसं. साक्षीदार कोण?

आई : तिसरं माणूस असलं तर?

लेक : नवरा-बायकोच्या खोलीत तिसरं कोण असणार?

आई : तू होतीस.

लेक : मी अंधाराला घाबरायचे म्हणून. एवढी घोडी झाले तरी तुमच्या मध्ये झोपायचे, मावशी अजून चिडवते.

आई : तू तुझ्या खोलीत गाढ झोपलेली असायचीस. मीच उचलून आणायचे. ह्यांना म्हणायचे, पोर घाबरलीय.

लेक : आणि बाबा?

आई : तू मध्ये असलीस की कूस बदलून झोपायचे.

लेक : ...मी सुट्टीत मामाकडे जायचे.

आई : हो. जायचीस.

लेक : निघताना तू रडायचीस. मला वाटायचं, मायेने.

आई : मायाही होतीच गं.

लेक : बाबा गेल्यावर तरी सांगायचंस.

आई : काय म्हणून सांगू? त्याला नावच नव्हतं. असतं तर मी तक्रार केली असती की नाही, देव जाणे. पण तुला भित्री ठरवावं लागलं नसतं.

लेक : मी अजून दिवा लावून झोपते, आई.

आई : दाराखालून उजेड दिसतो मला. दरवेळी वाटतं, उठून सांगावं. घाबरायचे ती मी. तू कधीच नाही.

लेक : ...संस्थेच्या साहेबांना फोन करते. उद्या दुसऱ्या कोणाला तरी उभं करा म्हणते.

आई : का, म्हणून विचारतील.

लेक : सांगेन, साक्षीदाराला वकील म्हणून उभं राहता येत नाही.