शंभरवाला काउंटर

विषय : वेळ आणि फेज (दोन लहरींमधला पुढेमागेपणा) अचूक मोजणारा इलेक्ट्रॉनिक काउंटर निवडणे.
संदर्भ : माझी घोडचूक.

चहा घ्या, सांगतो. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. प्रयोगशाळेकडे दोन दरपत्रके आली होती आणि तुलनातक्ता मी केला. एक काउंटर शंभर नॅनोसेकंदांचा फरक ओळखणारा, दुसरा एकाच नॅनोसेकंदाचा. मी शंभरवाल्याला पहिला क्रमांक दिला आणि फाईल संचालकांकडे सहीला पाठवली.

दुपारी शास्त्रज्ञ फाटकमॅडम तक्त्याची प्रत नाचवत आल्या. "अहो आपटे, जितका लहान फरक ओळखेल, तितका काउंटर चांगला! तुमच्या शंभरवाल्याला आमच्या दोन घड्याळांतला फरक दिसणारच नाही. वर्षभराचं काम बुडालं!"

मी धावत वर गेलो. संचालकांचे स्वीय सहायक डबा खात होते.

"सही झाली का हो?"

"नाही."

"मग फाईल परत द्या. चूक आहे तिच्यात."

"चूक करताना आम्हाला विचारलंत? फाईलची आवक नोंद झालीय. परत हवी तर अर्ज करा."

"आणि तोवर सही झाली तर?"

"आपटे, या टेबलावर घाईत काही होत नाही. निश्चिंत राहा."

अर्ज दिला. पुढचे आठ दिवस रोज जिना चढून सही झाली का ते विचारत होतो. गृहस्थ शब्दाला जागला.

परवा सदाशिव पेठेत फाटकमॅडम भेटल्या. मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. काउंटर आलेला नाही, फाईलवर सही नाही आणि माझा अर्ज विचाराधीन आहे.