हौसाचे सोमवार

मंडळी, ऐका! समजा, देव समोर उभा राहिला आणि म्हणाला, "हाच जन्म पुन्हा देतो, पण जसाच्या तसा! कणभरही गाळायचं नाही!" तर घ्याल? अहो काका, उत्तर तुम्ही द्यायचं, काकूंकडे काय बघता!

आमच्या गावी भैरोबाची पालखी दर सोमवारी देवळाभोवती फिरायची. दांड्याला पुढचा खांदा येसबा भोयाचा, अगदी तरणा होता तेव्हापासून! आणि कोपऱ्यावर त्याची बायको हौसा घागर घेऊन उभी. पालखी आली की भोयांच्या पायांवर पाणी घालायची. काय दिवस होते ते!

पुढं हौसा गेली, तीही सोमवारीच. तरी त्या कोपऱ्यावर येसबाचे पाय आपसूक थांबायचे, आणि मागे सगळा गाव थांबायचा!

मग देवस्थान कमिटीनं आणला गाडा — रबरी चाकांचा! पालखी वर ठेवली, निघाली सुर्रकन! कोपरा आला — गाडा पुढं! म्हातारा तिथंच उभा, रिकामा खांदा चोळत.

अध्यक्ष हणमंतराव आले. माणूस वाईट नव्हे हो! म्हणाले, "येसबातात्या, जन्मभर ओझं वाहिलंत. निघायचं त्या दारातून, यायचं त्याच दारात! काय मिळालं?"

"आण्णा, हौसानं एकदाच पाणी घातलं असतं तर मी इसरलो असतो. दर सोमवारी घातलं, म्हणून ती अजून हाय."

"मग पुढच्या जन्मी हेच मागाल?"

"हेच. ह्योच दांडा."

"आणि काकी गेल्या, तो सोमवार?"

मंडळी, येसबाला वाटलं, म्हणावं — देवा, तेवढा एक गाळ! पण म्हातारा म्हणाला,

"त्यो बी द्या. त्यो नगं म्हणलं, तर तिचा एक बी सोमवार मिळायचा न्हाई."

हणमंतरावांनी गाडा मागं बोलावला, पालखी गाड्यावरून उतरवली. पुढं येसबा, आणि मागच्या दांड्याला स्वतः अध्यक्ष! चार पावलांत घामाघूम! अहो, हारांखेरीज मानेवर काही घ्यायची सवय कुठली!

हसलात? आता तुमच्याकडं वळतो. घरी आई रोज विचारते — जेवलास का? आणि तुम्ही खेकसता, किती वेळा तेच तेच! बाबांनो, ज्याच्या घरी हा प्रश्न कायमचा थांबलाय, तो इथंच बसलाय, मान खाली घालून. तुमची आई आज विचारील. पोट भरलेलं असलं तरी सांगा — नाही जेवलो. वाढ!