काठाचा नकाशा

—रडू नको वं, धनश्री. आधी पाणी पी. माठातलं आहे, थंड आहे. हेमराजची पोरगी पहिल्यांदा माह्या ओसरीवर आली, आन मी तुले कोरडीच जाऊ देऊ काय? हं, समजलं मले सारं — तुह्या भावाले, पियुषले, परदेशात तिकडच्या पोलिसाहीनं धरून बावीस दिवस झाले. बंदरावर बिजलीचं काम करे, आन मोबाईलमंधी चौकटीच्या कागदाचे अकरा फोटो सापडले. काळी घरं, लाल घरं, बाजूले आकडे. त्याहीले वाटलं, बंदराचं गुपित लिहून धाडते. वाटनच ना. ज्यानं जन्मात हातमाग नाही पाह्यला, त्याले साडीच्या काठाचा नकाशा कसा समजन? मेलेल्या बापाची आठवण म्हणून पोरगा फोटो घेऊन गेला. चांगलंच केलं. जपावं असं काही.

आन तू म्हणतं, नानाजी, चला, साहेबाले सांगा का हा काठ आहे. बरोबर आहे, या मोहल्ल्यात नकाशा वाचणारा मीच एक उरलो. सही नाही येत मले, पण चौकटीवर बोट ठेवलं का धागा दिसते. पण माय, तू उशिरा आली — साहेब येऊन गेले. काहून, तुले नाही सांगितलं कोणी? मागच्या मंगळवारी. दोघं होते, आपल्याच पोलिसातले, साध्या कपड्यात, मोठे अदबीचे. तू बसली ना, याच खाटेवर बसले. त्याहीनं समजावून सांगितलं मले — तो देश आपला दोस्त आहे, आपण इचारलं का ते सांगतात, त्याहीनं इचारलं का आपण सांगाचं, असं ठरलं आहे दोन सरकारांचं. तिकडून कागद आला का हा तुमच्या नागपूरचा पोरगा, हे काय आहे ते पाहून कळवा. विणकर सोसायटीवाल्यानं माहं नाव सांगितलं. पाह्य, दोन देशाचं काम, आन येऊन टेकलं कुठं — एका अंगठेबहाद्दराच्या खाटेवर.

मी चष्मा लावला. पहिल्याच फोटोत वळखलं, पण घाई नाही केली, अकराही पाह्यले. साहेब म्हणे, बाबा, प्रत्येक पानावर खालच्या कोपऱ्यात एकच घर रिकामं सोडलंय, त्याचाच तिकडच्या लोकांना संशय आहे, हा तुमच्या कामाचा नकाशा आहे का? मी म्हणलो, नाही साहेब. विणकर घर सोडत नाही, घर सुटलं का काठ तुटते. साहेबानं लिहिलं, वाचून दाखवलं. मी अंगठा दिला.

असं पाहू नको माह्याकडे. खोटं काय बोललो? नाहीच सोडत विणकर. मीच एक घर सोडत होतो — सही येत नाही, तं माणसानं आपल्या कामावर खूण कशी ठेवावी? — हं. निघून गेलं तोंडातून. आता ऐकलंच तं पुरं ऐक. तुह्या बापाले माहीत होतं ते. चार वर्षं बाजूच्या मागावर बसे, मले दादा म्हणे. माह्या पेटीतले अकरा नकाशे घेऊन दिल्लीले गेला, आन स्वतःच्या नावानं बक्षीस घेऊन आला. काठ काही मागावर चढला नाही कधी, कागदावरच राह्यला. मी भांडाले गेलो, तं चारचौघात म्हणे, ज्याले आपलं नाव लिहिता येत नाही तो काय नकाशा काढन? लोक हसले. तू होती तिथं, झग्यातली, बापाच्या कडेवर. तूही हसली.

उद्या चलू? चलतो ना, काहून नाही. पण एक काम कर. ती समोर कुसुमावती बसली आहे तांदूळ निवडत, तिच्या दोघी सुना आहेत, त्याहीले आयकू जाईन असं म्हण का नकाशे नानाजीचे, आन माहा बाप चोर होता. — हळू नको. उभी राहून म्हण. — अजून एकदा, एका सुनेनं मान वर नाही केली.

हं.

बस, झालं. एवढंच राह्यलं होतं आयकाचं. — उद्या? उद्या कुठं जाऊ वं मी, गुडघे कुठं चालतात माहे. आन माह्या अंगठ्याचा कागद तं शुक्रवारीच तिकडं पोचला, साहेबाचा फोन आला होता, थँक्यू म्हणे बाबा. गिलास तिथंच राहू दे. आन जाताना फाटक लावून घे, बकरी येते आत.