धोंडीअण्णांची प्लॅस्टिकची गिटार

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! चार लोकांनी नावं ठेवली, म्हणून देवाचं गाणं टाकायचं का? ...माना हलवताय! घरी गेल्यावर बघू!

ऐका तर. गडहिंग्लजचे धोंडीअण्णा. भजनी मंडळातले जुने टाळकरी. टाळ वाजला की असा — खण्ण! पेंगणारी माणसं जागी व्हायची! पण अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला. तरी हिंमत करून देवळात गेले — आणि ऐन रंगात टाळ सुटून खाली! शेजारचा टाळकरी म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही नुसतं ऐकत बसा." झालं! अण्णांनी देऊळच सोडलं.

डॉक्टर म्हणाले, बोटं हलवा. बोटं हलेनात, अण्णा ऐकेनात! शेवटी लेकीनं, हेमलतानं, काय आणलं? गिटार! तीही प्लॅस्टिकची — तारा नाहीत, नुसती रंगीत बटणं! टीव्हीवर गाणं लागतं, पडद्यावरून रंगीत ठिपके घरंगळत येतात. ज्या रंगाचा ठिपका, ते बटण डाव्या बोटानं दाबायचं, त्याच क्षणी उजव्या हातानं पट्टी छेडायची. चुकत गेलात, की टीव्हीतली माणसं हुर्यो उडवतात — गाणं बंद!

"म्हातारपणी खेळणं दिलंस होय गं!" अण्णा म्हणाले. पण वाद्य ते वाद्य! चपला काढल्या, गिटार कपाळाला लावली, बसले. हिरवं जमलं, लाल जमलं — पिवळं आलं, अनामिका हलेना! हुर्यो!

"हरलात अण्णा. परत पहिल्यापासून लावते."

"थांब! मांडलेलं भजन अर्धं टाकतात काय?"

आणि टीव्ही गप्प असताना अण्णा त्याच चालीवर पुढं गायला लागले! गाणं विलायती, शब्द एक कळेना. मग काय — "विठ्ठल, विठ्ठल"! शेवटपर्यंत म्हटलं, हात जोडले, मगच म्हणाले, "लाव आता." रोज हेच! यंत्र हुर्यो उडवून दमलं, अण्णा दमले नाहीत. काय माणूस हो! मला तर त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

एके सकाळी पिवळ्यावर अनामिका पडली! गाणं शेवटाला गेलं, टीव्हीतली माणसं नाचायला लागली. हेमलता टाळ्या पिटतेय — आणि अण्णा रडताहेत!

"पोरी, ह्या खोक्यानं रोज हुर्यो उडवली, मी उठलो नाही. आणि तिथं एक जण एक शब्द बोलला, तर मी विठोबाला सोडून आलो?"

त्याच संध्याकाळी अण्णा देवळात! टाळ धरला. पहिला ठोका — उशिरा! लोकांनी वळून पाहिलं. अण्णा थांबले नाहीत. टाळ सुटला. वाकले, उचलला, पुन्हा धरला! तेव्हा 'ऐकत बसा' म्हणणाऱ्यानंच आपला हात संथ केला, आणि अण्णांच्या ठोक्याला ठोका दिला.

आता तुमचं बोला! कुणाच्या शब्दानं तुमचा टाळ सुटलाय? सून हसली म्हणून कुणी अभंग सोडला, मित्र हसले म्हणून कुणी माळ उतरवली — तिकडं खांबाआड कोण खाली बघतंय? उचला, बाबांनो! बेताल होईल, होऊ दे. लोक हसतील, हसू देत. पण विटेवर उभा आहे ना, त्यानं आजवर कुणाची हुर्यो उडवलीय का हो?