खोदायच्या आधीचं पाणी

पाणी तपासणीच्या कचेरीत एक नर्सबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर एक आजी आणि एक सुतार बोलत होते, ते त्यांच्या कानावर पडत होतं.

"तुमच्याकडेही जमिनीखालच्या गॅससाठी खोदतायत का, आजी?"

"खोदून झालं. तुमच्याकडे?"

"पुढच्या महिन्यात. त्याआधी म्हणे आमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेणार. नियम आहे म्हणतात. नसता व्याप."

"मलाही तसंच वाटलं होतं. तपासनीस आला तेव्हा मी उकळून, गाळून, लख्ख बाटलीत पाणी दिलं त्याला. परक्या माणसाला गढूळ कसं द्यायचं?"

"मग?"

"ते त्याने पिऊन टाकलं. म्हणाला, छान आहे, आता विहिरीतलं हवं. आणि स्वतः दोर सोडून काढलं की."

"भलताच हट्टी."

"तो हट्टी म्हणून तर आम्ही वाचलो, बाबा. गॅस काढायला दाबाने पाणी सोडून खाली खडक फोडायला लागले, आणि दोन महिन्यांत आमच्या पाण्याला रॉकेलसारखा वास. कंपनी म्हणाली, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच. मग या तपासनिसाने खोदायच्या आधीच्या तपासणीचा कागद पुढे ठेवला. काम थांबलं, त्यांचा खालचा फुटलेला पाइप बदलला. परवा नात पुन्हा विहिरीचं पाणी प्यायली."

"मग आता कसली तक्रार?"

"तक्रार नाही रे. नमुना नेला त्या दिवशी मी त्याला चिडून दारातूनच वाटेला लावलं. आभार मानायचे राहिलेत. तुझं काय काम?"

"माझं? नमुना देणार नाही, असा अर्ज आणला होता."

"मग?"

"राहू दे. तुमचं झालं की त्यांना विचारतो, उद्या सकाळी नमुना घ्यायला जमेल का."